टोकन बरोबर आहे, तरी ‘४०४’ का येतं? कोड रिव्ह्यूचं टूल जोडताना सूचना कुठे कमी पडतात

एखाद्या ॲपचा कोड लिहून झाला की तो लगेच लोकांच्या फोनवर जात नाही. आधी दुसरा सहकारी तो वाचतो, चुका दाखवतो. हा झाला कोड रिव्ह्यू. त्यासाठी रिव्ह्यू बोर्डसारखी वेगळी टूल्स असतात, पण कोड ठेवलेला असतो गिटहब, गिटलॅब किंवा बिटबकेटवर. त्यामुळे आधी दोघांची जोडणी करावी लागते, आणि बऱ्याचदा घोडं इथेच पेंड खातं.

जुन्या सूचना सांगतात, ‘युजरनेम आणि पासवर्ड टाका.’ पण कोडची देवाणघेवाण करताना पासवर्ड घेणं गिटहबने १३ ऑगस्ट २०२१ पासून बंद केलं. आता तिथे टोकन लागतं, म्हणजे ठरावीक कामापुरती परवानगी देणारी अक्षरांची लांबलचक किल्ली. बिटबकेटवरही सप्टेंबर २०२५ पासून नवा ‘ॲप पासवर्ड’ बनवता येत नाही, एपीआय टोकन घ्यावं लागतं. टूल तेच असतं, कुलूप मात्र पलीकडच्याने बदललेलं असतं. म्हणून प्रत्येक सेवेच्या सूचनांवर ‘शेवटची तपासणी अमुक तारखेला’ एवढं लिहिलं तरी वाचणारा सावध होतो.

खरी गंमत पुढे आहे. खासगी रिपॉझिटरी पाहण्याची परवानगी टोकनला नसेल, तर गिटहब ‘परवानगी नाही’ असं सांगत नाही. ‘४०४’, म्हणजे अशी रिपॉझिटरी सापडली नाही, असं उत्तर येतं. हे मुद्दाम केलेलं आहे. अशी रिपॉझिटरी आहे, एवढंही परक्याला कळू नये म्हणून. जोडणी करणारा बिचारा नावाचं स्पेलिंग तपासत बसतो. शेवटी वैतागून तो सगळ्या चौकटींवर टिक करतो आणि सर्वाधिकार असलेलं टोकन बनवतो. लगेच जोडणी होते! पण हे टोकन उद्या कुणाच्या हाती लागलं तर कोड वाचताच काय, बदलता आणि पुसताही येईल.

हे टाळायला दोन ओळी पुरतात: कोणती परवानगी कशासाठी लागते, आणि ‘४०४ आलं तर आधी टोकनच्या परवानग्या पाहा’. तिसरी ओळ हवीच असेल तर ही: टोकन एकदाच दिसतं, पान बंद करण्याआधी जपून ठेवा.

वेबहुकचंही असंच. कोडमध्ये काही बदललं की गिटहब टूलला आपणहून निरोप पाठवतं, तो वेबहुक. टूल ऑफिसच्या आतल्या नेटवर्कवर असेल तर बाहेरचा निरोप तिथे पोचतच नाही. वेबहुक बनवताच गिटहब एक ‘पिंग’ पाठवतं आणि त्याचं काय झालं ते ‘रीसेंट डिलिव्हरीज’मध्ये दिसतं. तरी कित्येक सूचना ‘सेव्ह करा’ म्हणून थांबतात. नंतर कुठे पाहायचं आणि काय दिसायला हवं, हे वाचणाऱ्याने शोधायचं.

आणखी एक गोष्ट हमखास राहून जाते. वैयक्तिक टोकन एका माणसाच्या खात्याला बांधलेलं असतं, आणि त्याला मुदतही असू शकते. त्या माणसाने नोकरी सोडली आणि त्याचं खातं काढलं, की सगळ्या टीमची जोडणी तुटते. टोकन कुणाच्या नावावर काढायचं आणि ते कधी संपणार याची नोंद कुठे ठेवायची, हे पहिल्याच पायरीत लिहायला हवं.