ऊन विरुद्ध निंबोळी

गुढीपाडव्याला तोंड वाकडं करत कडुलिंबाचं पान आपण सगळेच चावतो. तो कडवटपणा किडींनाही नकोसा असतो, म्हणून निंबोळीचा अर्क पिकावर फवारतात. पण गंगापूर, पैठण, सिल्लोडच्या कापूस पट्ट्यात एक तक्रार हमखास असते : "अर्क मारला, पण दोन-तीन दिवसांत किडी जशाच्या तशा!" मग शेतकरी दुकानातला विषारी डबा आणतो. त्या डब्यांची किंमत २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्याने मोजली. फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसं गेली. म्हणून निंबोळी खरंच कुचकामी आहे का, हा प्रश्न साधा नाही.

उत्तर आहे, नाही. तिचा खरा शत्रू आपल्या डोक्यावर तळपतो आहे!

रेणू कसा मोडतो?

निंबोळीतल्या मुख्य कीडनाशक रेणूचं नाव अझाडिरॅक्टिन. त्यात कार्बनचे ३५, हायड्रोजनचे ४४ आणि ऑक्सिजनचे १६ अणू असतात. १९६८ मध्ये इंग्लंडमध्ये तो वेगळा केला गेला. त्याची पूर्ण रचना कळायला १९८५ साल उजाडलं, आणि प्रयोगशाळेत तो बनवायला थेट २००७!

आता फर्स्ट इयरचं फिजिक्स आठवा. तरंगलांबी जितकी कमी, तितकी फोटॉनची ऊर्जा जास्त. ३०० नॅनोमीटरच्या अतिनील किरणांची ऊर्जा दर मोलला सुमारे ४०० किलोज्यूल भरते. कार्बन-कार्बन साधा बंध तोडायला सुमारे ३५० पुरतात. म्हणजे ताकद आहेच, फक्त रेणूने तो प्रकाश शोषायला हवा. अझाडिरॅक्टिनमधले दुहेरी बंध इथे नाजूक ठरतात. याच बंधांना हायड्रोजन जोडून टाकला की रेणू उन्हात जास्त टिकतो, हे प्रयोगांत दिसलं आहे.

पानावर हा रेणू निम्मा व्हायला साधारण एक ते अडीच दिवस लागतात. त्यात गंमत अशी की तो किडीला लगेच मारत नाही. तो किडीची भूक मोडतो आणि तिची कात टाकण्याची क्रिया बिघडवतो. या कामाला वेळ लागतो. म्हणजे ही शर्यतच झाली, आणि सकाळी अकराला फवारलं तर ऊन पहिल्याच दिवशी पुढे जातं.

मातीत काय होतं?

आपल्या काळ्या मातीत प्रकाश एक मिलिमीटरसुद्धा खाली जात नाही. अगदी वरच्या थरात ऊन थेट रेणू मोडतं. शिवाय मातीतली सेंद्रिय द्रव्यं प्रकाश शोषून ऑक्सिजनला जास्त आक्रमक बनवतात, आणि तो ऑक्सिजनही रेणूवर हल्ला करतो. त्याखाली मात्र मातीच छत्री होते! तिथे सूत्रं जिवाणूंकडे जातात. १९९५ च्या एका अभ्यासात २५ अंशांच्या मातीत अझाडिरॅक्टिन निम्मं व्हायला सुमारे २० दिवस लागले. तीच माती निर्जंतुक केल्यावर हा आकडा ३१ च्या पुढे गेला. म्हणून निंबोळी पेंड वर पसरून ठेवण्यापेक्षा मातीत मिसळणं शहाणपणाचं.

मग न मोडणारं औषध बनवावं का?

ते झालंय. शेवंतीच्या कुळातल्या पायरेथ्रमच्या फुलांचं कीडनाशकही उन्हात असंच विरतं. १९७३ मध्ये इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडच्या शास्त्रज्ञांनी त्याचं उन्हात टिकणारं कृत्रिम रूप जाहीर केलं, पर्मेथ्रिन. कापसावर मारलं जाणारं सायपरमेथ्रिन त्याच घराण्यातलं. ही औषधं टिकतात खरी, पण मधमाश्या आणि मासे यांनाही ती घातक आहेत. लवकर मोडणं हा निंबोळीचा दोष आहे आणि गुणही तोच!

करायचं काय?

पाच टक्के अर्काची रीत सोपी आहे. ५ किलो निंबोळीची भरड १० लिटर पाण्यात रात्रभर भिजवायची, फडक्यातून गाळायची, २०० ग्रॅम साबणाचं द्रावण घालायचं आणि एकूण १०० लिटर करायचं. सामू, म्हणजे पीएच, जास्त असेल तरी अझाडिरॅक्टिन लवकर मोडतं, आणि आपल्याकडे विहिरी-बोअरचं पाणी बहुधा अल्कधर्मी असतं. म्हणून तयार द्रावण साठवून ठेवू नये, त्याच दिवशी वापरावं. फवारणी संध्याकाळी, ऊन उतरल्यावर करावी. पानाच्या खालच्या बाजूला नक्की मारावं. तिथे सावली असते, आणि मावा, तुडतुडेही तिथेच असतात. बोंडात शिरलेल्या गुलाबी अळीपर्यंत मात्र अर्क पोचत नाही, तेवढी अपेक्षा ठेवू नये.

या सगळ्यात नवीन यंत्र नाही, जादा खर्च नाही. बदलायची आहे ती घड्याळातली वेळ. सुट्टीत गावी जाल तेव्हा काका-मामांना एवढं एक वाक्य जरूर सांगा : "निंबोळी मारायची तर दिवस कलल्यावर!"