गुडघ्यांची झीज, मूळपेशी आणि ख्रिस्तसभेची शिकवण

पवित्र मिस्साच्या वेळी गुडघे टेकता येत नाहीत म्हणून बाकावर बसून राहणारे ज्येष्ठ श्रद्धावंत प्रत्येक धर्मग्रामात आढळतात. अनेकांच्या गुडघ्यातील कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत आवरण, झिजलेली असते. कूर्चेत रक्तवाहिन्या नसल्याने ती सहसा आपोआप भरून येत नाही. साहजिकच ‘मूळपेशींनी गुडघा नवा करा’ अशा जाहिरातींचा मोह पडतो. म्हणूनच या उपचारामागील विज्ञान आणि नीती येथे थोडक्यात मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते.

अस्थिमज्जेतील काही मूळपेशींमध्ये हाडाच्या किंवा कूर्चेच्या पेशी बनण्याची क्षमता असते. त्यांनी कोणती वाट धरावी, हे ठरविण्यात मायक्रो आरएनए या सूक्ष्म रेणूंचा वाटा असतो. जनुकाकडून प्रथिननिर्मितीचा संदेश निघाला, की हे रेणू त्याला चिकटून तो थोपवू शकतात. व्हिक्टर अॅम्ब्रोस व गॅरी रुव्हकुन यांना या शोधाबद्दल २०२४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. कूर्चेतील ‘मायक्रो आरएनए-१४०’ हा रेणू कूर्चेचा ऱ्हास करणाऱ्या एका विकरास आवर घालतो. तो नसलेल्या उंदरांचे सांधे अकाली झिजल्याचे २०१० साली दिसून आले. असे रेणू मूळपेशींच्या जोडीने वापरण्याचे प्रयोग चालू आहेत. मात्र ते अद्याप नित्याचे औषध झालेले नाहीत.

आता प्रश्न नीतीचा. मूळपेशी आणल्या कोठून? २००८ सालच्या ‘दिग्नितास पेर्सोने’ या व्हॅटिकनच्या दस्तऐवजानुसार, प्रौढ व्यक्तीच्या शरीरातून तिला गंभीर अपाय न करता घेतलेल्या, तसेच प्रसूतीच्या वेळी नाळेच्या रक्तातून मिळालेल्या मूळपेशींना नैतिक हरकत नाही. जिवंत मानवी भ्रूणाचा नाश करून मिळविलेल्या पेशी मात्र अग्राह्य आहेत. एकाच्या वेदनाशमनासाठी दुसऱ्या निष्पाप जिवाचा बळी देता येत नाही. समाधानाची बाब अशी की, सांध्यांवरील बहुतेक प्रयोग प्रौढ पेशींवरच होत आहेत.

भारतात २०२२ साली दात्याच्या अस्थिमज्जेपासून बनविलेल्या एका मूळपेशी-औषधास गुडघ्याच्या झिजेसाठी शासकीय मान्यता मिळाली. याचा अर्थ प्रत्येक दवाखान्यातील प्रत्येक इंजेक्शन मान्यताप्राप्त आहे, असा नव्हे. म्हणून पैसे भरण्यापूर्वी दोन गोष्टी लेखी विचाराव्यात: पेशी कोठून आल्या? उपचार मान्यताप्राप्त आहे, की चाचणीच्या अवस्थेत?

प्रभू येशूने रुग्णांना बरे केले. त्यामुळे वेदनामुक्तीची आस धरण्यात गैर काहीच नाही. मात्र ती आस सत्यावर आधारलेली असावी आणि तिची किंमत दुसऱ्या कोणा जिवाला मोजावी लागू नये, हीच आमची प्रार्थना.