माडाखालचा भुईमूग

पावसाच्या माऱ्याने माडाखालची माती धुपते. ती धरून ठेवायला आम्ही पिंटोई भुईमूग सुचवतो. हा मूळचा ब्राझीलचा; शेंगांसाठी नव्हे, जमीन झाकण्यासाठी लावायचा. मृगाच्या सरी पडल्या की वेलाचे वीतभर तुकडे, दोन पेरे मातीत जातील असे, फूटभर अंतरावर खोचावेत. पहिले दोन-तीन महिने तण काढावेच लागते; इथे आळस केला तर मेहनत फुकट. पुढे त्याच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र धरतात, पाला गुरे आवडीने खातात. उन्हाळ्यात पाण्यावाचून मलूल होतो, पावसात पुन्हा फुटतो.

मात्र रोप आणताना फसू नये. वेडेलियाची फुलेही पिवळीच, पण छोट्या सूर्यफुलासारखी. तो एकदा पसरला की आवरत नाही. भुईमुगाचे फूल वाटाण्याच्या फुलासारखे, आणि पानाला चार दले.