८०० किलोमीटरवरचा कचरा

१० फेब्रुवारी २००९ रोजी सैबेरियाच्या वर, सुमारे ७९० किलोमीटर उंचीवर, रशियाचा निकामी कॉसमॉस-२२५१ अमेरिकेच्या चालू इरिडियम-३३ उपग्रहावर आदळला. हजारो तुकडे झाले. खरी मेख उंचीची आहे. ४०० किलोमीटरवर विरळ हवेचं घर्षण असा कचरा काही वर्षांत खाली ओढतं आणि तो जळून जातो. ८०० किलोमीटरवर तो अनेक दशकं, कधी शतकभरही फिरत राहतो. तुकड्यांनी उपग्रह फुटणार, त्यातून आणखी तुकडे होणार, ही साखळी नासाच्या डोनाल्ड केसलर यांनी १९७८ मध्येच मांडली होती. भारतानं २०१९ मध्ये क्षेपणास्त्र चाचणीत स्वतःचा उपग्रह पाडला तो ३०० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे त्यातल्या त्यात शहाणपणानं. चीननं २००७ मध्ये अशाच चाचणीत स्वतःचा उपग्रह फोडताना निवडलेली उंची मात्र ८५० किलोमीटरहून अधिक होती, आणि हवामानाचे, भूनिरीक्षणाचे कितीतरी उपग्रह याच पट्ट्यात फिरतात.