बी-पेशींची जडणघडण

१९५२ साली वॉशिंग्टन येथील वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयातील कर्नल ऑग्डेन ब्रूटन यांनी एका आठ वर्षांच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. न्यूमोनियाच्या जंतूंनी त्याचे रक्त वारंवार दूषित होई. औषधाने तो बरा होई आणि पुन्हा अंथरूण धरी. त्याच्या रक्तात गॅमा ग्लोब्युलिन नव्हतेच. जंतूंशी झुंजणारी प्रतिपिंडे रक्ताच्या याच अंशात असतात. ती बाहेरून टोचू लागताच मुलाची ही पीडा थांबली. पण अशा मुलांच्या शरीरात ती तयार का होत नाहीत, हे कळण्यास १९९३ साल उजाडावे लागले.

प्रतिपिंडांचे उगमस्थान म्हणजे बी-पेशी. (हे 'बी' अक्षर पक्ष्यांच्या बर्सा नामक पिशवीवरून आले, मनुष्यास ती नाही.) आपल्या अस्थिमज्जेत जन्मलेली अशी प्रत्येक पेशी जनुकांचे तुकडे जोडून स्वतःचा निराळा ग्राहक घडविते, आणि ही जोडणी पुष्कळदा फसते. म्हणून ग्राहकाची जड साखळी तयार होताच तिला एका तात्पुरत्या साखळीची जोड देऊन पाहिले जाते. दोन्हींचे जमले तर पेशीच्या अंतरंगात संकेत जातो, पेशीची संख्या वाढते आणि हलक्या साखळीची जुळणी सुरू होते. संकेत गेला नाही तर पेशी मरते.

हा संकेत पुढे नेणाऱ्या एका विकरास आज ब्रूटन यांचेच नाव आहे. संक्षेपाने त्यास बीटीके म्हणतात. ते सदोष असले की साखळी निर्दोष असूनही पेशीची वाढ तेथेच खुंटते. अर्ज बिनचूक असावा आणि टपालातच अडकावा, असा हा प्रकार. आम्हां कचेरीतील मंडळींना तो निराळा समजावून सांगावा लागत नाही! या विकराचे जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने हा रोग प्रायः मुलग्यांनाच होतो.

मौज अशी की, ग्राहक पूर्ण झाल्यावर संकेताचा अर्थच पालटतो. अस्थिमज्जेतील कोवळ्या पेशीचा ग्राहक स्वकीय द्रव्यालाच घट्ट चिकटला, तर त्या जोरदार संकेताने तिला हलकी साखळी बदलावी लागते. तेही न साधल्यास बहुधा मरण ओढवते. याउलट बाहेर पडलेल्या प्रौढ पेशीस तग धरण्यासाठी मंद संकेत सतत लागतोच. बी-पेशींचे काही कर्करोगही याच संकेतावर पोसतात. त्यामुळे बीटीकेला अडविणारे इब्रुटिनिब हे औषध २०१३ साली अमेरिकेत अशा एका कर्करोगासाठी मान्य झाले.