कायदा नवा, अधिकार जुनेच

परकीय नागरिकाला देशात येऊ द्यायचे की नाही आणि किती काळ राहू द्यायचे, हे ठरविण्याचा अधिकार सार्वभौम राष्ट्राचा आहे. वाद आहे तो हा अधिकार कोणी आणि कोणत्या मर्यादेत वापरायचा, याबाबत. स्थलांतर व परकीय नागरिकविषयक विधेयक ११ मार्च २०२५ रोजी लोकसभेत मांडले गेले. २७ मार्चला लोकसभेने आणि २ एप्रिलला राज्यसभेने ते मंजूर केले. १ सप्टेंबरपासून कायदा अमलात आला. संयुक्त संसदीय समितीकडून छाननी व्हावी, ही विरोधकांची मागणी मात्र मान्य झाली नाही.

१९२०, १९३९, १९४६ आणि २००० सालचे चार कायदे रद्द करून हा एकच कायदा आणण्यात आला. त्यांपैकी पहिले तीन ब्रिटिश राजवटीतील होते. त्यामुळे एकत्रीकरणाची गरज नाकारता येणार नाही. वैध पासपोर्ट वा व्हिसाविना प्रवेश केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड अथवा दोन्ही, बनावट कागदपत्रांसाठी दोन ते सात वर्षे कैद, तर व्हिसाची मुदत संपल्यावरही राहिल्यास तीन वर्षांपर्यंत कैद अशी तरतूद आहे. परकीयांची माहिती कळविण्याची जबाबदारी विद्यापीठे आणि रुग्णालयांवरही आहे.

शिक्षा कठोर झाल्या, तरी सरकारच्या मुखत्यारीला आवर घालणारी तरतूद आली नाही. आपण परकीय नसल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी १९४६ प्रमाणेच संबंधित व्यक्तीवर आहे. प्रवेशाबाबत इमिग्रेशन अधिकाऱ्याचा निर्णय अंतिम मानला आहे. भारतीयाला पासपोर्ट नाकारल्यास १९६७ च्या कायद्यानुसार अपील करता येते. विमानतळावरून परत पाठविल्या जाणाऱ्या परकीयाला मात्र या कायद्यात अपिलाची सोय नाही. उच्च न्यायालयात दाद मागता येते, पण तोवर परतीचे विमान सुटलेले असते.

न्यायालयांची भूमिकाही सरकारला अनुकूल राहिली आहे. परकीयाला देशाबाहेर काढण्याचा सरकारचा अधिकार अनिर्बंध असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९५५ मध्ये हान्स म्युलर खटल्यात म्हटले. १९९१ च्या लुई द रेड निकालाने परकीयाला जीवित व स्वातंत्र्याचे संरक्षण दिले, पण येथे वास्तव्याचा हक्क नाकारला. पहलगाम हल्ल्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये सरकारने पाकिस्तानी नागरिकांचे बहुतेक व्हिसा काही दिवसांच्या मुदतीने रद्द केले. सुरक्षेच्या दृष्टीने त्यामागची निकड समजण्याजोगी असली, तरी विवाहामुळे दोन देशांत विभागलेल्या कुटुंबांची अटारी सीमेवर ताटातूट झाली.

दुसरीकडे, सप्टेंबर २०२५ च्या सवलत आदेशाने पाकिस्तान, बांगलादेश व अफगाणिस्तानातून ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत आलेल्या, छळामुळे आश्रय घेतलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिश्चनांना कागदपत्रांच्या अटींतून मोकळीक मिळाली. नोंदणीकृत तमिळ निर्वासितांनाही दिलासा मिळाला. म्यानमारमधील रोहिंग्यांचा मात्र त्यात उल्लेख नाही. १९५१ च्या आंतरराष्ट्रीय निर्वासित करारावर भारताची स्वाक्षरी नाही आणि देशात स्वतंत्र निर्वासित कायदाही नाही. म्हणूनच आश्रय मिळणे हा हक्क ठरत नाही, ती सरकारची मर्जी ठरते. आणि आदेशाने दिलेली सवलत आदेशानेच काढूनही घेता येते.

घुसखोरी रोखणे आणि अपिलाची संधी देणे यांत मुळीच विरोध नाही. स्वतंत्र अपील यंत्रणा व निर्वासितांसाठी कायदा हे दोन प्रश्न संसदेने आज ना उद्या हाती घ्यायलाच हवेत. तोवर परकीयाचे भवितव्य अधिसूचनेवरच अवलंबून राहील.