म्हाताऱ्या कुत्र्याचे मोल

संस्थेने सांभाळलेला वयस्क कुत्रा घरी आणताना आपल्याकडे काही रक्कम मागितली, तर ती त्याची किंमत समजू नये. रेबीजची लस, जंतनाशक, नसबंदी, गोचिडांवरील औषधे यांच्या खर्चाचा तो अंश असतो. पावती व लसीकरणाची नोंदवही मात्र अवश्य मागावी. खरा खर्च पुढेच आहे. मोठ्या चणीचा कुत्रा 7 वर्षांचा झाला की वृद्धत्वाकडे झुकतो. दात, सांधे, मूत्रपिंडे कुरकुरू लागतात. धाराशिवच्या वाचकांनी पहिली तपासणी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात करावी. गुंतागुंत वाटल्यास शेजारच्या लातूर जिल्ह्यात उदगीरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्यांना असा शांत, माणसाळलेला सोबती पिल्लापेक्षा अधिक मानवतो, असे आमचे मत. (पिल्लू पायांत घोटाळते आणि पाडते!) आपण रुग्णालयात दाखल झालात, तर त्याला कोण सांभाळील, हे आधीच ठरवून संस्थेला लिहून द्यावे.